रत्नागिरीचे चित्र, परगावचा गिऱ्हाईक

पेटीवर 'रत्नागिरी हापूस' असे छापले म्हणजे आतला आंबा रत्नागिरीचा असतोच असे नाही, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा आपल्या नावावर किती वर्षे खपला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. २०१८ साली कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि अलीकडे काही बागायतदार पेटीवर क्यूआर कोडही लावू लागले. माल अस्सल आहे एवढ्याने भागत नाही, तो अस्सल असल्याचा पुरावाही मालाबरोबर गेला पाहिजे, हे आपला बागायतदार ठेच लागून शिकला.

आजच्या पानावर आम्ही रत्नागिरीच्या अशाच एका मालाविषयी लिहीत आहोत, ज्याचा बाजार अजून बांधला जायचा आहे. हा माल म्हणजे हाताने काढलेली मूळ चित्रे, आणि गिऱ्हाईक म्हणजे मुंबई, पुणे, बंगळुरू, दुबई किंवा लंडनमध्ये बसून मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहणारा संग्राहक.

जिल्ह्यात चित्रकारांची वाण नाही. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखला कला महाविद्यालय आहे. देवरुखच्याच लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात नामवंत चित्रकारांची मूळ चित्रे पाहायला मिळतात आणि त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेली, पुढे ए.टी.डी. किंवा जी.डी. आर्ट केलेली मुले-मुली आपल्या मोहल्ल्यातही आहेत. पूर्वी यांच्यापुढे ड्रॉईंग मास्तरची नोकरी हा ठरलेला रस्ता होता. त्या जागा आता पूर्वीसारख्या निघत नाहीत. मग मुलगा फलक रंगवतो, लग्नाच्या हॉलची सजावट करतो, नाहीतर मुंबईला जाऊन कुणाच्या तरी हाताखाली संगणकावर जाहिराती जुळवत बसतो. हातात हुन्नर आहे आणि विकण्याची जागा नाही, अशी ही अडचण आहे.

ही अडचण जुनी आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि थोर निसर्गचित्रकार. त्यांना शाहू महाराजांचा आश्रय होता. तो काळ राजाश्रयाचा होता, एक गुणग्राहक भेटला की चित्रकाराची चूल पेटे. पुढे संस्थाने गेली आणि चित्रांचा बाजार मुंबईत काळा घोड्याजवळ एकवटला. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. तिथे प्रदर्शनाची तारीख मिळण्यासाठी चित्रकाराने वर्षानुवर्षे थांबायचे, मग फ्रेमा करायच्या, टेम्पो करायचा, आठवडाभर मुंबईत राहायचे आणि एखाद-दुसरे चित्र विकले गेले की उरलेली परत घेऊन यायची. महामार्गाची अवस्था पाहता परतीच्या वाटेवर काचा शाबूत राहिल्या तरी नशीब.

इंटरनेटवरून चित्र विकले जाईल हे प्रथम कुणाला खरे वाटले नव्हते. न पाहता, हात न लावता लाखाची वस्तू कोण घेणार? २००० साली मुंबईत दिनेश आणि मीनल वझिरानी यांनी सॅफ्रॉनआर्ट सुरू केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑनलाइन लिलाव घेतला. आज त्याच संस्थेच्या लिलावात कोटींची बोली सहज लागते. २०२५ च्या सप्टेंबरात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र तिथे ६७ कोटी ८ लाख रुपयांना गेले. गायतोंडे २००१ सालीच दिल्लीत वारले, तेही अत्यंत साधेपणाने राहून.

असे आकडे वृत्तपत्रात वाचून आपल्या तरुणांनी हुरळून जाऊ नये, असे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे. हे लिलाव नाव झालेल्यांच्या चित्रांचे असतात. चित्र एकदा विकले गेलेले असते आणि दुसरा-तिसरा मालक ते पुन्हा विकत असतो. नव्या चित्रकाराला त्या दारातून प्रवेश नाही. त्याचा बाजार निराळा आहे आणि तो पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंतच्या चित्रांचा आहे. पण त्या मोठ्या बाजारातून शिकण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे.

मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आपल्या पंढरपुरात जन्मले. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून त्यांनी दिवस काढले. १९५४ साली त्यांनी 'ग्रामयात्रा' हे जवळजवळ चौदा फूट लांबीचे चित्र केले. दिल्लीत कामानिमित्त आलेल्या लिऑन व्होलोदार्स्की नावाच्या डॉक्टरांनी ते त्याच वर्षी १४०० रुपयांना घेतले आणि नॉर्वेला नेले. पुढे ते ओस्लोच्या इस्पितळाकडे गेले आणि तिथे भिंतीवर पन्नासहून अधिक वर्षे टांगलेले राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. चित्र थोर आहेच. पण एवढी किंमत देणाऱ्याला आणखी एक गोष्ट हवी होती. चित्र कोणी, केव्हा, कोणाकडून घेतले आणि मधल्या काळात ते कुठे होते याची साखळी अखंड होती. कुठेही 'मधली काही वर्षे माहीत नाही' असे म्हणायची वेळ नव्हती.

याची दुसरी बाजूही पाहावी. २००९ साली सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्याच चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले, तेव्हा भिंतीवरची बहुतेक चित्रे आपली नाहीतच असे त्यांना आढळले. चित्रकार हयात, समोर उभा, आणि तरी त्याच्या नावाचा खोटा माल भिंतीवर! मग चित्रकार नसेल तेव्हा काय होत असेल?

म्हणून परगावच्या संग्राहकाला चित्र विकायचे म्हणजे चित्रासोबत त्याचा दाखला विकायचा असतो. दिवाणखान्याच्या पडद्यांना शोभेल असे काहीतरी हवे असणारा गिऱ्हाईक निराळा. तो छापील प्रत घेऊनही खूश असतो. संग्राहक मात्र विचारतो की हे तुमच्या हातचे एकमेव आहे ना, कोणत्या साली केले, कोणते रंग, कशावर, कुठे मांडले होते. याची उत्तरे एका दिवसात तयार होत नाहीत. ती पहिल्या चित्रापासून लिहून ठेवावी लागतात.

आपल्या दुकानदारांच्या घरात खतावणी असते. चित्रकाराच्या घरात ती क्वचितच दिसते. एक जाड बांधणीची वही घ्यावी, प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा आणि नाव, माप, माध्यम, पूर्ण झाल्याचा महिना व साल, कुठे मांडले, कोणाला, किती रुपयांना दिले हे लिहावे. तोच क्रमांक चित्राच्या मागे न पुसणाऱ्या शाईने लिहावा. विकताना त्याच क्रमांकाचा, चित्राचा छोटा फोटो लावलेला, सही-तारखेचा दाखला द्यावा आणि त्याची नक्कल आपल्याकडे ठेवावी. वहीचे फोटो काढून दुसरीकडेही जपावेत, कारण कोकणातल्या पावसात कागदाचा भरवसा नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुरात घराघरांतील कागदपत्रांचा कसा लगदा झाला ते सर्वांनी पाहिले आहे.

फोटोच्या बाबतीत आमचे निरीक्षण असे की चित्रकार चित्रावर महिना घालवतो आणि फोटोवर अर्धा मिनिट. परगावच्या गिऱ्हाईकाला दिसतो तो फोटोच. फ्लॅश लावू नये. चित्र पडवीत, थेट ऊन येणार नाही अशा उजेडात भिंतीला समांतर लावून, मोबाईल चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरावा. एक फोटो पूर्ण चित्राचा, एक जवळून, ज्यात ब्रशचा फटकारा दिसेल असा, एक सहीचा, एक कडांचा आणि एक पाठीमागचा. पाठीमागचा फोटो मागणारा गिऱ्हाईक जाणकार समजावा. एका फोटोत चित्राशेजारी खुर्ची ठेवावी, म्हणजे आकार कळतो. रंग अधिक खुलवण्यासाठी मोबाईलवर फेरफार केला की चित्र घरी पोचल्यावर तक्रार येणारच. डाग, चीर, मोडलेला कोपरा असेल तर तो आधी दाखवावा. मालाचा ऐब सांगून विकणाऱ्याचा सौदा एखादवेळी मोडतो, पण गिऱ्हाईक टिकतो.

आता किमतीकडे वळू. इथे सर्वात जास्त गोंधळ आहे. समजा, मिरकरवाड्याच्या एका तरुणाने बंदरातल्या होड्यांचे २४ बाय ३६ इंचांचे कॅनव्हास रंगवले. एकूण ८६४ चौरस इंच झाले. नव्या चित्रकाराने चौरस इंचाचा दर धरून चालावे, अशी या व्यवसायात रीत आहे. दर २० रुपये धरला तर किंमत १७,२८० रुपये होते. हे चित्र एखाद्या मोठ्या परदेशी संकेतस्थळावरून विकले तर तिथली दलाली ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे ६,९१२ रुपये त्यांचे आणि १०,३६८ चित्रकाराचे. यातून कॅनव्हास, रंग आणि बांधणीचा खर्च वजा जाता हातात काय उरते ते ज्याने त्याने मोजावे. दलाली ऐकून आपल्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात. पण गॅलरीवालेही कमी घेत नाहीत, आणि वाशीच्या अडत्याला आपण पिढ्यान् पिढ्या देत आलोच आहोत. प्रश्न दलालीपेक्षा तिच्या बदल्यात गिऱ्हाईक मिळतो की नाही याचा आहे.

एक चूक मात्र महागात पडते. संकेतस्थळावर १७,००० लावलेले चित्र घरी आलेल्या पाहुण्याला ९,००० ला देणे. संग्राहक चौकशी करतो. ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याला हे कळले की तो पुन्हा येत नाही, आणि ज्याने ९,००० दिले तोही पुढच्या वेळी ७,००० म्हणतो. भाऊबंदांना सवलत द्यायचीच असेल तर लहान चित्र द्यावे, दर मोडू नये. दर वाढवायचा तर वर्षा-दोन वर्षांनी थोडा वाढवावा. पुन्हा खाली आणण्याची पाळी येऊ देऊ नये.

आपल्या जिल्ह्याचा एक फायदा आम्हाला दिसतो, त्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. राजापूर, दापोली, मंडणगड, खेड, रत्नागिरी या तालुक्यांतील कोकणी मुस्लिम कुटुंबे दुबई, कुवेत, दोहा, लंडन, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी विखुरलेली आहेत. वतनाची आठवण ही त्यांच्या घरातली मोठी गोष्ट. बाणकोटची खाडी, दाभोळचे बंदर, गावची मशीद, कौलारू घराची पडवी यांचे अस्सल हातचे चित्र त्यांना परक्या शहरात भिंतीवर हवे असते. सुलेखनाचे फलकही हवे असतात. सध्या ते बहुतेक छापील आणि परदेशी असतात. जे. जे.चे अधिष्ठाता राहिलेले प्र. अ. धोंड यांनी कोकणचा समुद्र जलरंगात आयुष्यभर रंगवला आणि तो मुंबईकरांनी आवडीने घेतला. विषय घरचा असला म्हणून चित्र लहान होत नाही. अर्थात केवळ आपले म्हणून हे लोक घेतील या भरवशावर सुमार काम खपवू नये. तीही शेवटी व्यवहाराची माणसे आहेत.

पाठवणीत पाऊस हा मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरीची हवा एवढी दमट असते की कॅनव्हासच्या पाठीवर आणि कागदाच्या कडांना बुरशी धरते. तैलरंग वरून कोरडा लागला तरी आतून ओला असतो, जाड थर असेल तर कित्येक महिने. असे चित्र गुंडाळून नळीत घातले तर उघडताना रंग चिकटून निघतो. पूर्ण वाळलेले चित्र, रंगाची बाजू बाहेर ठेवून, आम्लरहित कागद लावून, जाड नळीवर सैल गुंडाळावे. वरून प्लॅस्टिक, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि मग बाहेरची मोठी नळी. फ्रेमसह पाठवायचे तर काचेऐवजी ॲक्रिलिकची पट्टी लावावी आणि लाकडी चौकटीचे खोके करावे. आंब्याची पेटी ठोकणारा सुतार हे काम उत्तम करतो. कुरिअरची पावती घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. कलाकृतीची नुकसानभरपाई अनेक कंपन्या देत नाहीत किंवा फार थोडी देतात. विमा उतरवता येत असेल तर उतरवावा.

परदेशी पाठवायचे असेल तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. टपाल खात्यानेही छोट्या निर्यातदारांसाठी डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तिकडचा आयात कर घेणाऱ्याने भरायचा आहे हे सौद्याआधी लेखी कळवावे. हाताने केलेल्या चित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. परराज्यात माल पाठवताना नोंदणीचा प्रश्न येतो, हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलत आहे. आपल्याला कोणता नियम लागू पडतो हे कर सल्लागाराला एकदा विचारून घ्यावे, शंभर जणांना विचारू नये. घरात आजोबांच्या वेळचे जुने चित्र असेल तर सावध राहावे. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर विकता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासह नऊ चित्रकारांच्या चित्रांनाही ही बंदी आहे, मग ती शंभर वर्षांची नसली तरी.

कायद्याची आणखी एक बाजू आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. चित्र विकले म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला असे होत नाही. तो लेखी करार करून दिला नसेल तर चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे वारसांकडे. घेणाऱ्याने ते चित्र कॅलेंडरवर छापले तर जाब विचारता येतो. अपवाद एवढाच की कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, दुसरे काही ठरले नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून मागणीवरून चित्र करताना दोन ओळींचा करार आधी करावा.

१९९४ साली कायद्यात आणखी एक कलम आले. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. १४०० रुपयांच्या चित्राचे कोटी झाले तरी चित्रकाराच्या घरी काही येत नाही, या अन्यायावर हा उपाय होता. प्रत्यक्षात तो फार कमी वापरला जातो. कारण आपले कोणते चित्र कोणाकडे गेले हेच चित्रकाराला ठाऊक नसते. वर सांगितलेली वही इथे कामाला येते. आज १७,००० ला गेलेले चित्र तीस वर्षांनी कुठल्या लिलावात आले तर मुलांच्या हातात दाखवायला कागद असेल.

फसवणुकीच्या दोन तऱ्हा सध्या फार चालतात, त्या सांगून ठेवतो. परदेशातून गोड भाषेत पत्र येते, पत्नीला तुमचे चित्र फार आवडले, किंमत विचारता मान्य. मग किमतीहून जास्त रकमेचा चेक येतो आणि वरची रक्कम 'आमच्या वाहतूकदाराला' पाठवा असे सांगितले जाते. चेक काही दिवसांनी परत जातो आणि आपले पाठवलेले पैसे बुडतात. दुसरी तऱ्हा देशी आहे. स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणारा माणूस पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड देतो आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, पहिले काही तास मोलाचे असतात. रक्कम आपल्या खात्यात खरोखर जमा झाल्यावरच नळी कुरिअरकडे द्यावी.

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्यांना आमचे सांगणे असे की एकाच वेळी दहा संकेतस्थळांवर नाव नोंदवू नये. एकाच विषयावरची दहा-बारा चित्रे तयार करावीत आणि तोवर विकण्याची घाई करू नये. बंदर असेल तर बंदरच, सड्यावरचे गवत असेल तर तेच. विखुरलेल्या विषयांची पन्नास चित्रे पाहून संग्राहकाला चित्रकार ओळखता येत नाही. पावसाळ्यात घरात बसून काम करावे, गणपती उरकले की ऑक्टोबरच्या स्वच्छ उजेडात फोटो काढावेत आणि दिवाळीच्या आधी ती पडद्यावर जावीत. आखातातील मंडळी डिसेंबरात सुट्टीला गावी येतात, तेव्हा पडद्यावर पाहिलेले चित्र प्रत्यक्ष पाहायला घरी येणारेही निघतात. त्या दिवसांत वही, दाखले आणि चहा तयार ठेवावा.